श्री. २९.९७ यांस, हल्ली मुक्काम जिल्हा बुलढाणा

रा. रा. एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव यांसी,



पत्र खुलं लिहितो आहे, कारण पाकिटावर घालायला आपला धड पत्ता मिळत नाही. आपण कुणाच्या घरी राहत नाही. आपण राहता सेकंदाला किती चित्रं हवीत ते विचारणाऱ्या संगणकातल्या एका यादीत, बहुतेकदा पहिल्याच ओळीत. लग्नाचं शूटिंग झालं, मिक्सिंग झालं, आता डीव्हीडी मारायची म्हणून चिखलीला, मेहकरला नाहीतर मलकापूरला कुणीतरी बटण दाबतं. चौकट उघडते आणि तिच्यात आपण आधीच मांडी ठोकून बसलेले असता. समोरच्या पोराला रात्रीत तीन लग्नं संपवायची असतात. तो न वाचता 'ओके' म्हणतो. आपल्याला निमंत्रण म्हणून तेवढं पुरतं.

माझं दुकान तालुक्याच्या गावी आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जुन्या कॅसेटी डिस्कवर करून देणं, आणि दुसऱ्यांनी केलेल्या डिस्का का चालत नाहीत ते सांगणं. या शेवटच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, पण गर्दी त्यालाच असते. गिऱ्हाईक काउंटरवर डिस्क ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, पाहा बरं, नवरदेव अडकून अडकून काहून चालून राह्यला?" मी डिस्क लावतो. नवरदेव खरंच अडकून अडकून चालत असतो. घोडाही. बँडवाल्याचा हात ढोलावर पडायच्या आधी हवेत जरा थांबतो, मग एकदम खाली येतो. मंडळी माझ्याकडे पाहतात आणि मला पडद्यामागे आपण दिसता.

आपल्या वाट्याचे जोडे आजवर कुणी कुणी खाल्ले याची आपल्याला कल्पना नसावी, म्हणून सांगतो. पहिला मान डिस्कचा. ती ओढणीला पुसली जाते, साबणाने धुतली जाते, कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टने घासली जाते आणि त्यानंतर खरोखरच बिघडते. मग प्लेअरचा नंबर. त्याचं झाकण उघडून लेन्सवर स्पिरिटचा बोळा फिरतो. तेवढ्याने भागत नाही तेव्हा नवा प्लेअर येतो आणि नव्या प्लेअरवर नवरदेव त्याच जागी, तसाच अडखळतो. मग शूटिंगवाल्याची उरलेली रक्कम अडते. तो मिक्सिंग करणाऱ्या पोराला फैलावर घेतो, पोरगं संगणकाला शिव्या देतं, संगणकात रॅम वाढते. या सगळ्या वाटेवर एकदाही, एकाच्याही तोंडून आपलं नाव निघत नाही. पुढाऱ्यांनी शिकवणी लावावी असं हे कसब आहे.

लपण्याची आपली रीतही दाद देण्यासारखी. नवरा-नवरी स्टेजवर उभे आहेत, पाहुणे येऊन फोटो काढून जातात, तोवर आपला मागमूस नसतो. स्थिर चित्रात आपण कुणालाच दिसत नाही. काही हललं की प्रकट होता, आणि त्यातही कॅमेरा आडवा किंवा उभा सरकला की विशेष. लोणारच्या काठावर उभं राहून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या त्या विवरावरून कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावा, तर सरोवर घसरत जाण्याऐवजी ढकलत ढकलत जातं. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताच्या पायापासून मुकुटापर्यंत कॅमेरा वर न्यावा, तर हनुमंत हप्त्याहप्त्याने उंच होतो. १२ जानेवारीला सिंदखेडराजात भगव्या झेंड्यांची रांग जाते, ती झेंड्यांची न राहता थरथरीची रांग होते. भेंडवळची घटमांडणी तेवढी आपल्या तावडीतून सुटली, कारण तिथे सगळं जागच्या जागी असतं. रात्रीतून कुठलं धान्य हललं यावर तिथे वर्षाचा अंदाज बांधतात. तो अंदाज डिस्कवर पाहून बांधत नाहीत हे शेतकऱ्यांचं नशीब.

आपलं कूळ काढलं तेव्हा मात्र आपल्याबद्दल थोडी कणव वाटली. आपण जन्माने सरळ 'तीस' होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथल्या दूरचित्रवाणीने १९४१ साली सेकंदाला ६० अर्धी, म्हणजे ३० पूर्ण चित्रं ठरवली. हिशेब स्वच्छ होता. १९५३ साली रंग आला आणि घोळ झाला. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळली तर पडद्यावर ठिपक्यांची हलती जाळी दिसेल, अशी तिथल्या अभियंत्यांना धास्ती होती. आवाजाची लहर हलवावी तर घरोघरी आधी घेतलेले संच अडचणीत येणार. मग त्यांनी चित्रच जरासं हळू केलं. १००१ मागे एक, इतकंच. तिसाचे आपण २९.९७ झालात आणि जन्मभरासाठी अपूर्णांकात गेलात. एनटीएससी हे आपलं घराणं, आणि आपल्या त्या किंचित कमीपणाचा हिशेब जगभरचे मिक्सिंगवाले आजही भरत आहेत.

पण अमेरिकेतलं भांडण अमेरिकेत ठेवावं ना. आमच्याकडची वीज ५० हर्ट्झची. महावितरणची वीज कधी येते आणि कधी जाते हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, पण येते तेव्हा पन्नासनेच येते. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं ते सेकंदाला २५ चित्रांनी. १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले, ते पाल पद्धतीचे. ती जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख यांनी काढली, आणि तिच्यात रंगासाठी चित्राचा वेग बदलावा लागला नाही. आमचा टीव्ही पाल, व्हीसीआर पाल, शूटिंगवाल्याच्या खांद्यावरचा कॅमेरा पाल. २५ ला २५ जुळत होते. आपला इथे ना सोयरसंबंध, ना शेतीचा बांध.

तरी आपण शिरलात, आणि शिरलात ते आमच्या प्लेअरांच्या मोठ्या मनामुळे. इथे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही पालही खातात, एनटीएससीही खातात. ते कुरकुरले असते, पडदा काळा झाला असता किंवा चित्र काळं-पांढरं आलं असतं, तर आपण पहिल्याच दिवशी पकडले गेला असता. तसं झालं नाही. डिस्क लागली, गणपतीबाप्पा आले, नावं आली, सगळे म्हणाले, "चालू राह्यलं ना, मंग झालं." या 'चालू राह्यलं ना'च्या आडोशाला आपण वर्षानुवर्षं काढलीत.

आता आपण नेमकं करता काय ते सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. कॅमेऱ्याने सेकंदाला २५ चित्रं टिपली आहेत. यादीत आपल्याला निवडलं गेल्यामुळे डिस्कवर सेकंदाला तीस, म्हणजे तिसापेक्षा पाव टक्काही कमी नाहीत इतकी चित्रं लागतात. जास्तीची पाच आणायची कुठून? सॉफ्टवेअर प्रत्येक पाच चित्रांनंतर एक चित्र पुन्हा दाखवतं. पाच पावलं चालायची, एक पाऊल जागीच टाकायचं, पुन्हा पाच. डोळ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी अडलं हे कळतं. शिवाय पालच्या डिस्कवर चित्राच्या उभ्या उंचीत ५७६ ओळी असतात, आपल्या घराण्याच्या डिस्कवर ४८०. ९६ ओळी गेल्या, बरोबर सहावा हिस्सा. नवरीच्या शालूच्या बारीक काठाचं सूत जातं ते त्यात.

उलटा प्रकारही आहे आणि आता तोच जास्त आढळतो. मामाच्या पोराने मोबाइलवर हळद टिपली. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं टिपतो. ती पालच्या २५ च्या डिस्कवर बसवायची. पंगतीत तीस माणसं बसली आणि पत्रावळी पंचवीसच निघाल्या, तर वाढपी काय करतो? दर सहाव्याला उठवतो. तसं दर सहावं चित्र उठवलं जातं आणि हळद लावणारा हात मधलं अंतर न कापताच गालावर पोहोचतो. याहून पुढची तऱ्हाही माझ्या काउंटरवर येते. मोबाइलचं शूटिंग आधी २५ च्या प्रोजेक्टमध्ये घेतलेलं, मग डिस्क मारताना यादीतून पुन्हा आपल्याला उचललेलं. म्हणजे आधी पाचांना उपाशी उठवलं आणि मग राहिलेल्यांतल्या पाचांना दोनदा वाढलं. संख्या जुळली. वाढप्याच्या वहीत तीस पानं उठल्याची नोंद झाली.

हा फरक मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. दोनदा वाढलेलं काढून घेता येतं. प्रत्येक सहांतलं जुळं चित्र शोधून गाळणारी सोय चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. चित्रं आख्खी दुबार झालेली असतील तर गाळून मूळची २५ जवळजवळ जशीच्या तशी हाती लागतात. उठवून दिलेलं चित्र मात्र परत येत नाही. शेजारच्या दोन चित्रांवरून मधलं चित्र कल्पनेने रचून देणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती गालावरून हात नेतात खरी, पण कधी हाताला सहावं बोट फुटतं तर कधी मंगळसूत्र वितळतं. आणि कुणी दोन चित्रं एकमेकांत मिसळून तिसरं करण्याचा पर्याय निवडला असेल, तर प्रत्येक चित्रात दोन नवरदेव असतात आणि त्यांना वेगळं करणं माझ्या आवाक्यात नाही.

आपल्या टोळीबद्दलही दोन शब्द, कारण सगळं आपल्याच माथी मारणं बरं नाही.

एक साथीदार मोबाइलातच राहतो. मोबाइल ३० चा वेग सांगतो खरा, पण उजेड कमी पडला, यंत्र तापलं की कधी २८ देतो, कधी २४, कधी पुन्हा ३०. मोबाइलवर पाहताना हे कळत नाही, कारण कुठलं चित्र कधी दाखवायचं याची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते. डिस्कला मात्र चित्रं ठरल्या ठेक्यानेच लागतात, आणि कित्येक सॉफ्टवेअरं ती वेळ न वाचता चित्रं एकामागे एक रचून टाकतात. मग चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. अक्षता पडून गेल्यावर 'सावधान' ऐकू येतं, ते यामुळे. मलकापूर, खामगावच्या वैशाखात भर दुपारच्या मुहूर्तावर मोबाइल तापणारच. अशी फाइल आधी एकसारख्या वेगाची करून घ्यावी लागते. हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' असा पर्याय त्यासाठीच आहे. मिक्सिंग त्यानंतर.

दुसरा साथीदार जुना, कॅसेटच्या कॅमेऱ्यांच्या काळातला. पालचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत टिपलं जायचं, एकदा सम ओळी, एकदा विषम, सेकंदाला ५० अर्धी. डीव्ही कॅसेटच्या कॅमेऱ्यात खालचं अर्ध आधी यायचं, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांत वरचं. डिस्क काढताना हा क्रम उलटा दिला गेला तर दुसरं अर्ध आधी दिसतं, पहिलं नंतर, मग चौथं, मग तिसरं. नवरदेव पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो, सेकंदाला पंचवीस वेळा. आपण निदान एका जागी थांबवता, हा माणसाला मागे ओढतो. ओळखायची खूण अशी की हलणाऱ्या गोष्टींच्या कडा थरथरतात आणि पाहणाऱ्याचं डोकं दुखतं. गुण मात्र याच्यात हा की क्लिपचा क्रम सुलटा सांगितला, पुन्हा डिस्क काढली, की तो मुकाट्याने जातो. आपल्यासारखा चिवट नाही.

तिसरा हावरट. डिस्कची कुवत ४.७ जीबी. तिच्यात तासाभराचं लग्न ऐसपैस बसतं. दोन तासांचं बसवायचं तर सेकंदाला आवाजासकट सरासरी पाच मेगाबिटच्या आसपास मिळतात, तीन तासांचं म्हटलं की साडेतीनच्याही आत. तरी घरच्यांना साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत सगळं एकाच डिस्कवर हवं असतं. तिथे वरातीत चौकोन चौकोन दिसतात. दुसरीकडे एखादा हौशी तासाभराच्या लग्नाला सगळा वेग देऊन टाकतो. डीव्हीडीच्या चित्राला ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादा आहे. तिच्या काठावर गाडी हाकली की थकलेल्या लेझरच्या प्लेअरला वाचन पुरत नाही आणि चित्र गोठतं. मी सरासरी पाच-सहा, कमाल आठ ठेवतो. लग्न मोठं असेल तर दोन डिस्का देतो. गिऱ्हाईक म्हणतं, "एकात बसत होतं म्हणे." मी म्हणतो, बसतं, श्वास घेता येत नाही.

आणि चौथा म्हणजे खुद्द डिस्क, जिला आपल्यापायी इतका मार बसला. तीही अगदीच निर्दोष नसते. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि स्वस्त डिस्कवर घाईच्या वेगाने लिहिलं की चुका बाहेरच्या कडेला साचतात. लग्नाच्या शेवटी काय असतं? पाठवणी. म्हणून आमच्या भागात कित्येक नवऱ्या गाडीत बसता बसता अडकल्या आहेत, एक पाय आत, एक बाहेर, आणि आई वर्षानुवर्षं डोळ्यांना पदर लावून उभी आहे. वर नवरा-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर चिकटवलं की डिस्कचा तोल जातो आणि ती गरगर फिरताना डुलते. या अडकण्याची आणि आपल्या अडकण्याची जात वेगळी आहे. डिस्कचा दोष कुठेतरी एका जागी येतो आणि दुसऱ्या प्लेअरवर जागा बदलतो. आपण पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकाच तालात असता. खरंच सांगतो, इतकी शिस्त आमच्या बँडमध्येही नाही.

आपल्याला रंगेहाथ पकडायची रीत सोपी आहे आणि ती मी येणाऱ्या प्रत्येकाला फुकट शिकवतो. डिस्क मारण्याआधी संगणकावर तयार झालेलं व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडायचं. तिथेही वरात अडखळली तर डिस्क, लेन्स, प्लेअर, टीव्ही सगळे सुटले, दोष रूपांतरातला. तिथे नीट चालली आणि टीव्हीवर अडखळली तर डिस्क आणि लिहिण्याचा वेग बघायचा. पहिला प्रकार असेल तर वरातीत जिथे कॅमेरा आडवा सरकतो तिथे थांबायचं आणि 'ई' हे बटण एकेकदा दाबायचं. एक दाब, एक चित्र. दर सहा दाबांत एकदा चित्र हललंच नाही तर आपण सापडलात. पाच दाबांनंतर एकदा घोड्याने दुप्पट उडी मारली तर तिथे आपण नाही, आमच्या २५ ने कुणालातरी उठवलं आहे. मीडियाइन्फो नावाचं छोटं साधन आहे, तेही फुकट. त्यात फाइल टाकली की मूळ वेग किती, तो स्थिर की बदलता, अर्धी चित्रं कुठल्या क्रमाने, सगळं लिहून येतं. पंचनाम्याला आणखी काय लागतं?

लग्नाचं एक वेळ चालेल. जोडपं जागेवर असतं, पुढच्या वर्षी बारशाला आणखी एक डिस्क होते. मला आपला राग येतो तो जुन्या कॅसेटींमुळे. नव्वदीतल्या व्हीएचएस कॅसेटी लोक पिशवीत घालून आणतात. बुरशीची पांढरी रेघ उठलेल्या, वर पेनाने नाव लिहिलेल्या. कुठे आजोबांचं कीर्तन, कुठे गजानन महाराजांच्या पालखीसोबत शेगावहून पंढरपूरला पायी निघालेले वडील, जे आता नाहीत. कॅसेट पालची. पण कुठूनतरी आणलेल्या स्वस्त यंत्राने ती संगणकात घेताना सेटिंगमध्ये आपण बसलेले असता आणि कुणी बघत नाही. डिस्क होते, घरी एकदा लागते, सगळे रडतात, चालू राह्यलं ना. मग मूळ कॅसेट भंगारात जाते, कारण आता डिस्क झाली. व्हीसीआर आधीच गेलेला असतो. राहतं काय, तर दर पाच पावलांनंतर थबकणारे वडील. वारीत असा थबकून चालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून माझ्या दुकानात बोर्ड आहे: डिस्क झाल्यावर कॅसेट फेकू नये, निदान मी सांगेपर्यंत. लोकांना वाटतं मी कॅसेटी गोळा करतो.

माणसाच्या चालीत ढवळाढवळ करणारे आपण पहिले नाहीत, हेही खरं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवावा लागे आणि मूकपटांत सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं पडत. पुढे बोलपटांनी २४ ची चाल कायम केली आणि जुनी रिळं त्याच वेगाने पळवली जाऊ लागली. तेव्हापासून त्या काळातली माणसं सतत घाईत होती अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत झाली आहे. पण ते सगळे एकसारखे धावतात तरी. आपल्यासारखं मध्येच हाताला धरून कुणी थांबवत नाही.

तर आता आपल्याविषयीचा हुकूम. जिल्ह्यातल्या शूटिंगवाल्यांना माझी विनंती आहे की कॅमेरा २५ वर ठेवावा आणि शटर पन्नासाव्या हिश्शावर. त्याने मांडवातल्या ट्यूबलाइटचा लुकलुकाटही जातो, कारण आमची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि ६० च्या घराण्याशी तिचं जमत नाही. मोबाइलवर शूट करायचं असेल तर त्यालाही २५ शिकवावं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा एक खटका आहे, तो चालू केला की २५ दिसू लागतं. सावकाश चालीसाठी ६० ने टिपलेली हळद २५ च्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक चित्र ठेवून उतरवावी. वेग मूळच्या साधारण ४२ टक्के होतो आणि हळद उडते ती लोण्यासारखी, एकही चित्र न गाळता. प्रोजेक्ट २५, डिस्क पाल, आणि यादीत आपल्या नावावर बोट जाता कामा नये.

मात्र न्याय म्हणजे न्याय, म्हणून एक गोष्ट आपल्या बाजूने नोंदवतो, इच्छा नसताना. संबंध कार्यक्रम मोबाइलवर ३० ने टिपला असेल, कॅमेरा नव्हताच, तर डिस्क आपल्याच नावाने काढावी. तीस आणि आपण यांत फरक इतका थोडा की सुमारे ३३ सेकंदांत एका चित्राचा. डोळ्याला तो कळणं कठीण. तिथे पालचा हट्ट धरणारा मिक्सिंगवाला दर सहाव्याला उठवतो आणि गुन्हेगार आमचा २५ ठरतो. म्हणजे आपण मुळात दुष्ट आहात असं नाही. जिथे बोलावणं आहे तिथे चांगले वागता. अडचण ही की बोलावल्याशिवायच आपण जास्त येता. आणि ज्या लग्नात कॅमेरा २५, मोबाइल ३० आणि करवलीच्या भावाचा तिसराच काही वेग असतो, तिथे जास्त शूटिंग ज्याचं त्याचा वेग धरावा, उरलेल्याला त्यात एकदाच बसवावं, दोनदा नाही.

"आता डिस्क कोण बघतं, पेनड्राइव्हवर द्या," असं म्हणून लोक मला गप्प करू पाहतात. आपणही या विचाराने निश्चिंत असाल. पण पेनड्राइव्हवर जाणारी फाइलही त्याच यादीतून, त्याच 'ओके'तून निघते. टीव्ही नवा, भिंतीएवढा, म्हणून नवरदेवाचं अडखळणंही भिंतीएवढं.

तुळशीचं लग्न झालं की इकडे लग्नसराई उघडेल. त्याआधी चिखलीपासून नांदुऱ्यापर्यंत जे ओळखीचे मिक्सिंगवाले आहेत त्यांच्या संगणकात जाऊन मी पाल २५ चं टेम्प्लेट करून, त्याला 'बुलढाणा' नाव देऊन यादीच्या डोक्यावर बसवणार आहे. आपण तिथून खाली, शेवटच्या ओळीत. राग मानू नये. काम पडलं तर हाक मारू.

कळावे.

आपला,
तालुक्याच्या गावचा एक डिस्क तपासणारा

ता. क. आपले धाकटे बंधू २३.९७६ हल्ली 'सिनेमॅटिक' नावाखाली पोरांच्या कॅमेऱ्यांत उतरल्याची खबर आहे. पालच्या डिस्कवर ते चार टक्के घाईने धावतात आणि सोबत बँडचा सूरही वर चढवतात. परवा एका सनईचा आवाज ऐकून म्हातारा वाजवणारा स्वतःच म्हणाला, "हे मी नाय." बंधूंसाठी कागद वेगळा काढून ठेवला आहे.